पाचवं घर

पासष्टीच्या सासूला समुद्री चाचा व्हायला लावणारी सून तुम्ही पाहिली नसेल, तर बघून घ्या, ही मी. आणि हौसेनं नाही हो. हौस त्या वर्षी माझ्यात औषधालासुद्धा शिल्लक नव्हती.

प्रशांतच्या कंपनीनं फॅमिली डे ठेवला होता. शामीरपेटच्या पुढं कुठलंसं रिसॉर्ट, शनिवारचा अख्खा दिवस, आणि थीम म्हणे पायरेट्स. थीम! अमेरिकेतली कामं बंद पडून निम्मी माणसं रिकामी बसलेली, सोमवारी कोणाकोणाला घरी पाठवणार ते कळेल असं जो तो कुजबुजतोय, आणि यांना चाचे सुचतायत. पण प्रशांतचा साहेब अविनाश, तोही मराठीच, मुंबईचा, त्यानं सगळ्यांना बजावलं होतं की अख्ख्या घरानं वेष करून यायचं, त्यातून टीम स्पिरिट दिसतं. म्हटलं, दिसत असेल तर दिसू दे. नोकरी राहणार असेल तर मी मगरीचासुद्धा वेष घालीन.

नोकरी राहायलाच हवी होती. मी मूळची पुण्याची. लग्न करून काचीगुड्यातल्या या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आले. इथल्या शाळेत शिकवत होते, ते श्रुतीच्या वेळी सोडलं ते सोडलंच. सासरे, लक्ष्मणराव, कधीच गेले. म्हणजे घरात पगार येणार तो एकट्या प्रशांतचा. तो थांबला तर आम्ही चौघं काय खाणार, या एका विचारानं माझी झोप उडाली होती. अशा वेळी लोक देवाला जातात. मी सुलतान बाजारला गेले, काळं कापड आणायला.

दुकानदारानं तागा उलगडता उलगडता विचारलं, "मोहर्रम के वास्ते होना क्या, अम्मा?" मोहरमचे दिवस होते.

"नक्को बाबा, कंपनी के वास्ते," मी म्हटलं.

"कंपनी में बी मोहर्रम करते क्या?" तो म्हणाला. माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं.

मग ते शिवणं. स्वयंपाक, धुणं, श्रुतीचा अभ्यास, सगळं उरकून मशीनवर बसायचं, पाठीचा पार भुगा व्हायचा. श्रुती नऊ वर्षांची. तिच्या अंगात मात्र चाचे संचारले होते. पुठ्ठा कापून, त्याला चांदीचा कागद चिकटवून तिनं तलवार केली होती आणि ती उशाशी घेऊन झोपायची.

"आई, पायरेट्सचे कपडे टोर्न असतात ना, तू इतके नीट नको शिवू," ती म्हणायची.

"नीट नाही शिवत गं बाई. माझ्याच्यानं आता नीट काही होतच नाहीये."

प्रशांत यायचा, कडेला उभा राहून बघायचा, "छान झालंय" म्हणायचा आणि बाल्कनीत जाऊन उभा राहायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. "अरे, नोकरी तुझी, साहेब तुझा, आणि रक्त मी आटवायचं? निदान बटणं तरी लाव!" तो "हो गं" म्हणायचा आणि मुकाट बटणं लावायला बसायचा. त्या "हो गं"नं तर माझं डोकं आणखीच फिरायचं. भांडावं तर समोर माणूस हवं ना!

खरी धास्ती होती ती आईंची, म्हणजे सासूबाईंची. चतुराबाई त्यांचं नाव. बिदरकडच्या शेतकरी घरातल्या, नऊवारी लुगडं, डोक्यावरचा पदर कधी ढळलेला मी पाहिला नाही. त्यांना चाचा व्हा कसं सांगायचं? शुक्रवारी संध्याकाळी त्या मोरीवर बसून प्रशांतचा जेवणाचा डबा घासत होत्या. ते काम त्यांनी कधी माझ्याकडे दिलं नाही. मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "आई, उद्या तुम्हालाही वेष करायचाय."

"कसला वेष?"

"समुद्रातल्या लुटारूंचा. सगळ्यांनीच करायचाय. प्रशांतच्या नोकरीचं आहे म्हणून, नाहीतर मी बोलले नसते."

डबा हातात तसाच धरून त्या विचार करत बसल्या. मी वादाला तयार होते, पदर खोचूनच आले होते म्हणा ना.

"उद्या मोहरमची कितवी गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक!"

"सहावी असंल." हात पुसून त्या उठल्या. "दे. घालते. पण लुटारू नक्को. कुणाच्या पोटावर पाय कामून द्यायचा? मी फकीर होते."

कपाळ माझं! पण त्या असं का म्हणाल्या ते मला कळलं. आमच्या बैठकीत प्रशांतचा लहानपणीचा एक फोटो आहे, फकिराच्या वेषातला. त्याच्याआधीची आईंची दोन लेकरं पाळण्यातच गेली. मग हा झाला तेव्हा त्या पिराला बोलल्या की याला जगव, दर मोहरमला याला फकीर करीन. हिरवा अंगरखा, गळ्यात लाल-पिवळा धागा, खांद्याला झोळी, आणि पाच घरी जाऊन मागायचं. जे मिळेल ते आणून गूळ घालून कुस्करायचं, त्याचा मलिदा करायचा आणि खायचा, वाटायचा. पाच घरं होईपर्यंत वेष उतरवायचा नाही आणि स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. त्यांच्या गावात हिंदूंच्या घरांतून हे सर्रास चालायचं. थोडक्यात, आईंच्या लेखी वेष म्हणजे नवस. गंमत म्हणून कुणी वेष घालतं हे त्यांच्या गावीच नव्हतं.

"आई, तिथं फकीर-बिकीर काही नाही. डोक्याला काळा रुमाल आणि डोळ्यावर पट्टी, झालं."

"बांध की. आतून काय हाय ते पीर बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना रुमाल बांधला, पट्टी बांधली. त्यांनी आपल्या हातानं गळ्यात लाल-पिवळा धागा घातला आणि खांद्याला हिरव्या खणाची जुनी झोळी अडकवली. काष्ट्याचं लुगडं, कमरेला पदर आणि एकच डोळा उघडा. खरं सांगते, आमच्या चौघांत चाचा म्हणून शोभत होत्या त्या एकट्या. झोळीला लोक लुटीची पिशवी समजतील, मी मनाशी म्हटलं आणि गप्प बसले.

कंपनीची बस आबिड्सला पोस्टासमोर येणार होती. भर सकाळी, दुकानं उघडत असताना, आम्ही चौघं तिथं उभे. ऑटोवाले वेग कमी करून बघत होते. तोंड कुठं लपवावं असं झालं होतं. तेवढ्यात बुरख्यातली एक म्हातारी रस्ता ओलांडून सरळ आईंकडे आली. गळ्यातला धागा बघितला, झोळी बघितली, आपल्या पिशवीतून मूठभर बत्तासे काढून झोळीत टाकले, हात डोळ्यांना लावला आणि निघून गेली.

"एक घर झालं," आई म्हणाल्या.

"आई, हात जोडते तुम्हाला. हा नवस नाहीये, फॅमिली डे आहे!"

"मग मी काय चोरी करायले का? तू चिडायलीस कामून?"

प्रशांत हसला. किती दिवसांनी, देव जाणे. पण लगेच दुसरीकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "तिथंही असाच हस जरा. तोंड पाडून बसू नकोस." तो म्हणाला, "हो गं."

रिसॉर्टमध्ये थर्मोकोलचं जहाज केलं होतं. मार्चअखेरचं ऊन, स्पीकरवर ढणाढणा गाणी, आणि जिकडे बघावं तिकडे काळे रुमाल. इस्त्रीची पँट आणि वर पट्ट्यापट्ट्यांचा बनियन घातलेले जाडजूड गृहस्थ पोत्यात पाय घालून उड्या मारत होते. सगळे जरा जास्तच मोठ्यानं हसत होते. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसरा डोळा अविनाशवर.

मीही तेच करत होते. लिंबू-चमच्यात पळाले, रस्सीखेचीत हात सोलून घेतले, अविनाशच्या बायकोच्या, गौरीच्या, कानातल्यांचं कौतुक केलं. ती बिचारी चांगली होती. तिनं मला पाणी आणून दिलं. मी प्रशांतला दोनदा ढोसलं, "जा ना, साहेबांशी बोल काहीतरी." तो "नंतर" म्हणाला. अविनाशही आमच्या बाजूला फिरकला नाही. इतरांच्या पाठीवर थापा मारत होता, आमच्याजवळून मात्र फोनकडे बघत गेला.

जेवणाच्या वेळी प्रशांत पुरीचे तुकडे करत बसला होता. नुसते तुकडे, तोंडात एकही नाही.

"खा ना! लोक बघतायत," मी दात खाऊन म्हटलं. "एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसलास तर कोण ठेवील तुला कामावर?"

त्यानं एक तुकडा उचलला आणि परत ठेवला. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात लक्षात आलं, आईंची खुर्ची रिकामी होती.

त्या पलीकडच्या टेबलाशी उभ्या होत्या, झोळीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून. "माय, वाढ. फकीर आलाय." टेबलावरचे लोक खूश! "वॉव, आंटी काय मस्त ॲक्टिंग करतात!" कुणी पुरी टाकली, कुणी बिस्किटं. पुढच्या टेबलावर केकचा तुकडा मिळाला. त्याच्या पुढच्या टेबलावर एका मुलीनं आपल्या ताटातला लाडू दिला, कुणी फोटो काढला, टाळ्या पडल्या. श्रुती तलवार उपसून आजीच्या मागे मागे. आणि मला धरणी दुभंगेल तर बरं असं वाटत होतं. माझ्या नवऱ्याची आई त्याच्या ऑफिसच्या लोकांपुढं भीक मागत होती, आणि चौथं घर झालं होतं.

मी उठून धावले, पण त्या अविनाशच्या टेबलाशी पोचल्या होत्या.

"या, या आजी!" अविनाश हसत म्हणाला. "कोणाच्या आजी तुम्ही?"

"प्रशांतची आई हाय मी. पाच घरं मागायची असतात. तुमचं पाचवं."

त्याचं हसू मावळलं. त्यानं डोळ्यावरची पट्टी कपाळावर सरकवली, हात ताटाकडे नेला आणि मागे घेतला. "आजी... नंतर. नंतर बघू," असं म्हणून फोन कानाला लावून उठून गेला. फोन वाजला नव्हता, मी तिथंच होते. गौरी ओशाळली. "हे घ्या आजी," म्हणून तिनं आपली पुरी पुढं केली. आईंनी झोळीचं तोंड मिटून घेतलं.

"ज्याला मागितलं त्यानं द्यायचं असतंय, बाई," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

मी त्यांना दंडाला धरून झाडाखाली नेलं. "अहो, काय केलंत हे! त्याच्या साहेबापुढं झोळी पसरलीत? आहे ती आशाही घालवलीत!"

"फकिराला कुणी नाही म्हणत नसतंय, अनुराधा," आई म्हणाल्या. "त्यानं नाही म्हणलं." एवढंच. मग खुर्चीवर बसून राहिल्या, झोळी मांडीवर घेऊन.

पण संध्याकाळी बक्षिसं जाहीर झाली आणि बेस्ट पायरेट फॅमिली निघालो आम्ही! आईंमुळेच, उघड होतं. लाल रंगाचा एक थर्मास. तोही अविनाशनं स्वतःच्या हातानं दिला. प्रशांतकडे न बघता दिला हे मी पाहिलं, पण म्हटलं, गर्दीत होतं असं. माझा जीव भांड्यात पडला. ज्याला काढायचं त्याला कोणी असं सगळ्यांसमोर बोलावून बक्षीस देतं का? परतीच्या बसमध्ये कित्येक दिवसांनी माझा डोळा लागला.

आबिड्सहून ऑटो केली. श्रुती प्रशांतच्या मांडीवर झोपून गेली होती, तलवार तिच्या मुठीत. आई कडेला बसल्या होत्या, रुमाल, पट्टी सगळं तसंच. मी थर्मास पोटाशी धरून म्हटलं, "बघितलंस? उगाच जिवाला घोर लावून घेतला होतास. सोमवारी काही होत नाही."

"सोमवारी काहीच नाही व्हायचं, अनु," प्रशांत म्हणाला. "माझं गुरुवारीच झालं."

"काय झालं?"

"संपलं. अविनाशनं केबिनमध्ये बोलावून सांगितलं. म्हणाला, फॅमिली डेला मात्र ये, तू नाही आलास तर बाकीचे घाबरतील."

"मग काल डबा घेऊन कुठं गेला होतास?"

"नामपल्लीला. स्टेशनवर बसलो होतो."

"आणि आज? आज कशाला आलास तिथं? आम्हाला कशाला नाचवलंस?"

तो श्रुतीच्या तलवारीकडे बघत म्हणाला, "हिनं ही केली होती गं. आणि तू शिवत होतीस."

माझा संताप उसळला. नोकरी गेली त्याचा नाही, त्याचं तर अजून मला कळतच नव्हतं. मला सांगितलं नाही याचा. मी त्या माणसाच्या बायकोच्या कानातल्यांचं कौतुक केलं, लिंबू-चमच्यात पळाले, हात सोलून घेतले, आणि हा सगळं ठाऊक असून पुरीचे तुकडे करत बसला! लग्नापासूनचं सगळं आठवायला लागलं. शब्द नुसते रांग लावून उभे राहिले. पण ऑटोवाला होता, पोरगी झोपली होती. घरी चल, म्हटलं मनात, मग बघते तुझ्याकडे.

जिना चढलो. प्रशांतनं श्रुतीला आत नेऊन निजवलं आणि बैठकीत येऊन खुर्चीत बसला. डोळ्यावरची पट्टी काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. मान खाली घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. माझ्या बोलण्याचीच वाट बघत होता तो. मी थर्मास आपटला, त्याच्यासमोर उभी राहिले आणि तोंड उघडलं.

"माय, वाढ."

दारातून आवाज आला. आई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या, झोळी उघडून.

"आई, पुरे आता. आत या," मी म्हटलं.

"पाचवं घर ऱ्हायलंय."

माझ्यात वाद घालायची ताकद नव्हती. स्वयंपाकघरातून मूठभर पीठ आणलं. त्यांनी मान हलवली.

"पीठ नक्को. पीठ तर मीच भरते डब्यात." मग मला हातानं जवळ बोलावलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "काल त्याचा डबा भरलेला परत आला. परवाचा बी. मी खाली कुत्र्याला घातला. तुला बोलले नाही."

"म्हणजे तुम्हाला नोकरीचं ठाऊक होतं?"

"काय झालं ते कुठलं ठाऊक? लेकरू जेवंना, एवढं ठाऊक होतं."

"आणि म्हणून पिराला नोकरी मागितलीत?"

"नोकरी कामून मागू? ती येती, जाती." त्यांच्या एका उघड्या डोळ्यात पाणी होतं. "हे एवढं लेकरू राहू दे म्हणलं. दोन गेलीत माझी."

आतून खुर्ची कुरकुरली. मी मागे वळून पाहिलं. माझा नवरा काळा रुमाल बांधून मान खाली घालून बसला होता, आणि भिंतीवर त्याच्या डोक्याच्या वर तो फोटोतला हिरवा फकीर होता.

आईंनी झोळी पुढं केली. "तू आज त्याला काही बोलू नक्को, अनुराधा. एवढं घाल माझ्या झोळीत."

ज्या घरात मी सून म्हणून आले, जिथं किल्ल्या कालपरवापर्यंत त्यांच्या कमरेला होत्या, त्या घराच्या दारात त्या माझ्यापुढं झोळी पसरून उभ्या होत्या. फकिराला नाही म्हणत नाहीत. तोंडात आलेलं सगळं गिळताना घसा दुखतो, खरंच दुखतो. हातातलं पीठ तसंच होतं, ते मी झोळीत टाकलं.

"घातलं, आई," मी म्हटलं. "या आत."

त्या उंबरा ओलांडून आत आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि मग डोक्याचा रुमाल सोडला.

मी झोळी परातीत उपडी केली. तळाशी सांडलेलं पीठ भाजून घेतलं. गार झालेल्या पुऱ्या, बिस्किटं, केकचा तुकडा, लाडू, बत्तासे, सगळं त्यात कुस्करलं, गूळ किसून घातला. असला मलिदा कुठल्या पिरानं पाहिला नसेल. ताटलीत घेऊन प्रशांतसमोर ठेवला.

"बोल, काय बोलायचंय ते बोल," तो म्हणाला.

मी त्याच्या मागे गेले आणि डोळ्यावरच्या पट्टीची गाठ सोडली. पट्टीचा वळ उठला होता गालावर. त्यानं एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला त्याला रडू फुटलं, तोंडात घास असतानाच, पण तो खात राहिला. आई भिंतीशी बसून त्याचा एकेक घास बघत होत्या.

ताटली रिकामी झाली तेव्हा मी विचारलं, "आणखी वाढू?"

त्यानं ताटली पुढं केली. "वाढ," तो म्हणाला.